मर्ल ओबेरॉन: मुंबईत जन्मलेली 'इंग्लिश' नटी आणि तिच्या थापेचे भागीदार

२०२३ च्या जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर झाली आणि मलेशियाची मिशेल यो सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीत झळकली. या गटात आशियाई बाई पहिल्यांदाच, असा सगळीकडे गाजावाजा झाला. काही अमेरिकी माध्यमांनी मात्र सावधपणे लिहिलं की, स्वतःला आशियाई म्हणवणारी ही पहिली. समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टिंगल झाली. म्हणजे आशियाई असूनही तसं न म्हणवणारी कोणी आधी येऊन गेली होती की काय?

गेली होती. त्याच्या सत्त्याऐंशी वर्षं आधी मर्ल ओबेरॉन नावाच्या 'इंग्लिश' नटीला 'द डार्क एंजल' या १९३५ च्या चित्रपटासाठी हेच नामांकन मिळालं होतं. ही बाई जन्मली आपल्या मुंबईत आणि वाढली कलकत्त्यात. तिची आजी मूळची सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची. हे तिने मरेपर्यंत कबूल केलं नाही. जन्म कुठला म्हणून विचारलं की ती ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाकडच्या टास्मानिया बेटाचं नाव सांगायची.

मिशेल योने तो ऑस्कर जिंकला आणि बातमी मागे पडली. पण मर्ल ओबेरॉनबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात तिला 'आईला मोलकरीण बनवणारी नटी' म्हणून झोडपलेलं असतं, नाहीतर 'हॉलिवूड गाजवणारी मुंबईकर' म्हणून डोक्यावर घेतलेलं असतं. दोन्हींत मूळ प्रश्न राहूनच जातो. एवढी मोठी थाप जवळजवळ पन्नास वर्षं टिकली कशी? एकट्या बाईच्या जिभेवर ती टिकणं शक्य नव्हतं. तिला भागीदार होते आणि त्यातले काही चक्क कायदे आणि नियमावल्या होत्या.

## आधी घर समजून घेऊ

१९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत एस्टेल मर्ल थॉम्पसनचा जन्म झाला. वडील म्हणून नाव लागलं आर्थर थॉम्पसन या रेल्वेतल्या इंग्रज इंजिनिअरचं. पहिलं महायुद्ध पेटल्यावर तो सैन्यात गेला आणि १९१६ मध्ये आघाडीवर न्यूमोनियाने वारला. शार्लट ही सिलोनची, मिश्र वंशाची बाई. मर्ल तिलाच आई म्हणायची. घरात कॉन्स्टन्स नावाची थोरली बहीणही होती.

खरा प्रकार वेगळा होता. मर्लला जन्म दिला होता कॉन्स्टन्सने, आणि तेव्हा तिचं वय जेमतेम बारा-चौदा होतं. शार्लट म्हणजे मर्लची आजी. मुलीची अब्रू झाकायची म्हणून तिने नातीला लेक म्हणून वाढवलं. म्हणजे मर्लच्या जन्माचं पहिलं खोटं तिने रचलेलं नाही. ती पाळण्यात होती तेव्हाच घरातल्या मोठ्यांनी ते ठरवून टाकलं होतं.

१९१७ मध्ये शार्लट मर्लला घेऊन कलकत्त्याला गेली. तिथल्या ला मार्टिनियर या नामांकित शाळेत मर्लला गरीब विद्यार्थिनी म्हणून फुकट प्रवेश मिळाला. पण तिच्या रक्तावरून मुली इतकं हिणवायच्या की तिने शाळा सोडली आणि पुढचं शिक्षण घरीच झालं. नंतर तिने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी धरली आणि संध्याकाळी हौशी नाटक मंडळीत जाऊ लागली. या काळात तिला घरी 'क्वीनी' म्हणत. १९११ मध्येच राणी मेरी मुंबई बंदरात उतरली होती, त्यावरून पडलेलं हे लाडाचं नाव.

## अँग्लो-इंडियन म्हणजे नेमकं कोण?

भुसावळ, इगतपुरी, कल्याण, भायखळा. जिथे जिथे मोठी रेल्वे वसाहत, तिथे तिथे अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. जुन्या मंडळींना ते ड्रायव्हर, गार्ड, ख्रिसमसचे नाच आणि हॉकीचे सामने आठवत असतील. युरोपियन पुरुष आणि भारतीय स्त्री यांच्यापासून पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेला हा समाज. इंग्रज सरकार त्यांना आधी 'युरेशियन' म्हणायचं. 'अँग्लो-इंडियन' हे नाव सरकारी कागदांत आलं १९११ च्या जनगणनेच्या वेळी, म्हणजे मर्ल जन्मली त्याच वर्षी. पुढे आपल्या राज्यघटनेनेही व्याख्या केली. वडिलांच्या बाजूचा कोणी पूर्वज युरोपियन असला पाहिजे आणि कुटुंब भारतात स्थायिक झालेलं पाहिजे. लोकसभेत या समाजाचे दोन सभासद नेमले जात. ती तरतूद २०२० मध्ये संपली.

रेल्वे, तारखातं, कस्टम, टेलिफोन ही खाती चालवायला इंग्रजांना हे लोक हवे होते, पण क्लबात आणि लग्नात नको होते. त्यामुळे समाजातच उजळ आणि सावळा असा भेद खोल गेला. एकाच घरातला उजळ भाऊ इंग्रज म्हणून खपून जायचा आणि सावळी बहीण मागे राहायची. आपली वांशिक ओळख झाकून वरच्या समजल्या जाणाऱ्या वर्णाचा माणूस म्हणून वावरण्याला इंग्रजीत 'पासिंग' म्हणतात. ते मर्लच्या आधीही सर्रास चालायचं. तिने फक्त ते जगाच्या पडद्यावर केलं.

तिच्या चरित्रात कलकत्त्याचा एक प्रसंग येतो. एका गोऱ्या लष्करी गृहस्थाचं तिच्यावर मन बसलं. एकदा तो तिला घरी सोडायला आला आणि दारात सावळी शार्लट उभी दिसली. तेवढ्यावर त्याने काढता पाय घेतला. जाता जाता फ्रान्समधल्या एका चित्रपट दिग्दर्शकाशी गाठ घालून द्यायचं कबूल मात्र केलं. मर्ल त्या शब्दावर बोटीत बसली. शार्लटही सोबत होती.

## लंडनने तिला काय दिलं?

फ्रान्सहून ती लंडनला आली, पण सुरुवातीला तिथे फारसं काही मिळालं नाही. कॅफे द पॅरिस या नाइटक्लबात 'क्वीनी ओब्रायन' नावाने पाहुण्यांची सरबराई करायची आणि दिवसा चित्रपटांत गर्दीत उभं राहायचं. मग अलेक्झांडर कोर्डाची नजर तिच्यावर गेली.

कोर्डा हा मूळचा हंगेरीचा ज्यू. जन्मनाव शांडोर केल्नर. नाव बदलून, देश बदलून तो लंडनला आला होता आणि ब्रिटिश सिनेमाला हॉलिवूडच्या तोडीचं करायचं त्याच्या डोक्यात होतं. १९३३ च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये त्याने मर्लला हेन्री राजाच्या राणीची, अ‍ॅन बुलीनची, भूमिका दिली. भूमिका इवलीशी. चित्रपट सुरू होतो तोच तिच्या शिरच्छेदाच्या दिवशी. पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचलेला हा पहिला ब्रिटिश चित्रपट ठरला, हेन्री झालेल्या चार्ल्स लॉटनला अभिनयाचा ऑस्कर मिळाला आणि मान कापून घ्यायला निघालेली ती राणी लोकांच्या लक्षात राहिली. पुढच्याच वर्षी 'द स्कार्लेट पिंपरनेल'मध्ये ती लेस्ली हॉवर्डची नायिका झाली.

तिथून हॉलिवूडचा निर्माता सॅम्युअल गोल्डविनने तिला बोलावलं. हा गोल्डविनसुद्धा वॉर्सातून आलेला, जन्मनाव गेल्बफिश. 'द डार्क एंजल'मध्ये त्याने तिला साधीसोज्वळ इंग्रज मुलगी केलं. मला या सगळ्यात गंमत वाटते ती याची. तिला अस्सल इंग्लिश म्हणून विकणाऱ्या दोघांपैकी एकही स्वतः इंग्लिश नव्हता. नाव बदलून नवा माणूस होता येतं, हे दोघांनी स्वानुभवातून ओळखलं होतं. कातडी बदलणं तेवढं सोपं नाही, याचा अनुभव त्यांना घ्यावा लागला नव्हता.

## टास्मानियाच का?

लंडनच्या प्रसिद्धी विभागाला 'आमची नवी तारका कोण' हे छापायला एक जन्मकथा हवी होती. टास्मानिया सोयीचं होतं. ब्रिटिश साम्राज्याचा भाग, वस्ती बहुतेक गोरी, आणि लंडनपासून इतकं दूर की कोणी पत्रकार चौकशीला जाणार नाही. होबार्टला गोऱ्या घरात जन्म, मग काही काळ भारतात वास्तव्य, अशी कथा ठरली. जन्माची नोंद आगीत जळाली, अशी पुस्तीही जोडली गेली.

पुढे त्या बेटावर जे घडलं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. टास्मानियाच्या लोकांनी ही कथा मनापासून आपली मानली. कोणाला मर्ल शाळेत असल्याचं आठवू लागलं, कोणाला तिचं घर. एका आवृत्तीनुसार तर ती तिथल्या हॉटेलात काम करणाऱ्या चिनी वंशाच्या बाईची मुलगी होती. यावर २००२ मध्ये 'द ट्रबल विथ मर्ल' नावाचा ऑस्ट्रेलियन माहितीपटही झाला. मिश्र वंश झाकायला रचलेल्या थापेतून तिकडे दुसरा मिश्र वंश उगवला, आणि तोही प्रेमापोटी.

## हॉलिवूडमध्ये खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

इथे दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. एक स्टुडिओंची नियमावली आणि दुसरा अमेरिकेचा नागरिकत्वाचा कायदा.

नियमावलीला 'हेज कोड' म्हणत. हा सरकारी कायदा नव्हता. सरकारने सेन्सॉर लादू नये म्हणून स्टुडिओंच्या संघटनेने १९३० मध्ये स्वतःच स्वतःला घालून घेतलेली बंधनं होती ती. पहिली काही वर्षं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९३४ पासून मात्र प्रमाणपत्र सक्तीचं झालं. ते नसेल तर मोठ्या चित्रपटगृहांची दारं बंद. मर्ल हॉलिवूडला पोहोचली ती नेमकी त्यानंतर.

या नियमांत एक कलम होतं: गोऱ्या आणि काळ्या वंशांतले शारीरिक संबंध दाखवायचे नाहीत. शब्द काळ्या-गोऱ्यांपुरते होते, पण स्टुडिओ ते सगळ्याच बिगर-गोऱ्यांना लावत. आता हिशेब करा. नायक गोराच असणार. मग त्याच्या मिठीत कोण चालेल? गोरीच. आशियाई नटीला खलनायिका, नर्तकी, दासी किंवा शेवटी मरणारी प्रेयसी एवढंच उरायचं.

अ‍ॅना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची नामांकित अभिनेत्री. चिनी शेतकरी कुटुंबावरचा 'द गुड अर्थ' १९३७ मध्ये आला तेव्हा त्यातली चिनी नायिका तिला मिळाली नाही. नायक म्हणून गोऱ्या पॉल म्यूनीला चिनी रंगवलेलं होतं, त्यामुळे बायकोही गोरीच हवी होती. ती भूमिका जर्मनीत जन्मलेल्या लुइझ राइनरने केली आणि ऑस्कर नेला. उलट मर्लने १९३४ मध्येच 'द बॅटल' या चित्रपटात जपानी बाईचं काम केलं होतं. ते चाललं, कारण कागदोपत्री ती गोरी होती. गोऱ्या बाईने आशियाई व्हायला हरकत नव्हती. आशियाई बाईने आशियाई व्हायला होती.

दुसरी गोष्ट नागरिकत्वाची. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने भारतासकट आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून होणारं स्थलांतर बंद केलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या शीख माणसाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९४६ मध्ये वर्षाला शंभर भारतीयांचा कोटा मंजूर झाला, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. शिवाय गोऱ्या आणि 'रंगीत' माणसांच्या लग्नांना बंदी घालणारा कॅलिफोर्नियातला कायदा १९४८ पर्यंत टिकून होता. टास्मानियाची कथा मर्लला नायिकेची भूमिका तर देतच होती, पण हॉलिवूडमध्ये बिनधास्त राहण्याची, लग्न करण्याची मोकळीकही त्याच कथेवर टांगलेली होती.

## "पण भारतात जन्मलेल्या इतर गोऱ्या नट्या होत्याच की!"

होत्या, आणि त्यातली सर्वांत मोठी म्हणजे व्हिव्हियन ली. जन्म दार्जिलिंगचा, १९१३ चा. तिने ते कधी लपवलं नाही. उलट दार्जिलिंगच्या जन्माने तिच्या नावाला थोडी झळाळीच आली. म्हणजे भारतात जन्मण्याचा प्रश्न नव्हताच, प्रश्न होता तो रक्ताचा.

१९३९ च्या 'वदरिंग हाइट्स'मध्ये या दोघींच्या वाटा जवळ आल्या. नायक लॉरेन्स ऑलिव्हिएला नायिका म्हणून आपली प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती. भूमिका मर्लकडे गेली. मूळ कादंबरीतला नायक हीथक्लिफ हा सावळा, कुळाचा पत्ता नसलेला पोर. एका पात्राला तर तो लस्कर, म्हणजे जहाजावरचा हिंदी खलाशी वाटतो. पडद्यावर हा सावळा परका झाला गोरापान ऑलिव्हिए, आणि त्याला कुळावरून नाकारणारी इंग्रज कॅथी झाली मुंबईची मर्ल. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांना याचा पत्ता नव्हता.

दुसरं उदाहरण कोर्डाच्याच कंपनीतलं. साबू हा म्हैसूरकडचा माहुताच्या घरातला मुलगा. १९३७ च्या 'एलिफंट बॉय'पासून तो जगभर गाजला. कोर्डाने त्याला भारतीय म्हणूनच विकलं: हत्ती, जंगल, मुंडासं, उघडं अंग. एकाच मालकाने भारतातून आलेले दोन तारे एकाच वेळी चालवले, एक 'पूर्व' म्हणून आणि एक 'इंग्लंड' म्हणून. साबूला आपलं गाव लपवावं लागलं नाही, पण गोऱ्या नायकाच्या जागी त्याला कोणी उभंही केलं नाही.

## "मग इथेच, मुंबईच्या सिनेमात का नाही?"

हा प्रश्न रास्त आहे, कारण त्याच काळात मुंबईत तिच्यासारख्या मुलींचीच चलती होती. भल्या घरच्या बायका कॅमेऱ्यासमोर येत नसत, त्यामुळे मूकपटांच्या नायिका बऱ्याचदा अँग्लो-इंडियन आणि बगदादी ज्यू घरांतून यायच्या. रेने स्मिथची सीतादेवी झाली. पुण्यात जन्मलेली ज्यू रूबी मायर्स 'सुलोचना' या नावाने देशातली अव्वल तारका झाली. सिनेमात येण्याआधी ती काय करायची? टेलिफोन ऑपरेटर होती! पुढे १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही तिला मिळाला.

म्हणजे लंडनला मर्ल गोरी होऊन उभी राहिली, तर मुंबईत रूबीला देवळातलं वाटावं असं नाव घ्यावं लागलं. नाव बदलायला लावण्यात आपला सिनेमाही मागे नव्हता. फरक इतकाच की सुलोचना ही मूळची रूबी मायर्स आहे हे इथे सगळ्यांना माहीत असायचं आणि त्यावाचून तिचं काही अडायचं नाही. मर्लला कोणी ओळखणं म्हणजे सगळा खेळ खलास.

## चेहऱ्याचं राजकारण आणि एक दिवा

१९३७ च्या मार्चमध्ये लंडनला मर्लच्या मोटारीला अपघात झाला आणि चेहऱ्यावर जखमा झाल्या. त्या वेळी ती 'आय, क्लॉडियस'चं चित्रीकरण करत होती. कोर्डाची निर्मिती, योझेफ फॉन स्टर्नबर्गचं दिग्दर्शन, समोर लॉटन. आधीच रखडलेला तो चित्रपट अपघाताचं निमित्त होऊन कायमचा बंद पडला. त्याच वर्षी शार्लटही गेली. पुढे १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि औषधाची अ‍ॅलर्जी यांनी मर्लची त्वचा आणखी बिघडली. उजळ दिसण्याचा अट्टहास तिला असा अंगाशी आला.

१९४४ च्या 'द लॉजर'च्या वेळी छायालेखक ल्यूशियन बॅलार्डने यावर तोड काढली. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की रस्त्यातला लहानसा खड्डाही ठळक दिसतो, कारण त्याच्या एका काठाची सावली आत पडते. ऊन डोक्यावर आलं की तोच खड्डा चटकन दिसत नाही. चेहऱ्यावरच्या व्रणाचंही तसंच. बाजूने प्रकाश टाकला की व्रणाच्या कडेला सावली धरते. बॅलार्डने कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी लागून एक मऊ दिवा बसवला. प्रकाश कॅमेऱ्याच्याच दिशेने आला की पडलेली सावली कॅमेऱ्याला दिसतच नाही. व्रण बुजले, चेहरा सपाट आणि उजळ झाला, डोळ्यांत चमक आली. मर्लच्या नावावरून त्या दिव्याला 'ओबी' म्हणू लागले. हे नाव आजही सेटवर ऐकू येतं. बॅलार्डशी तिने १९४५ मध्ये लग्न केलं.

त्याआधी तिचा नवरा होता कोर्डा. लग्न १९३९ चं. १९४२ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला आणि कलकत्त्याची टेलिफोन ऑपरेटर 'लेडी कोर्डा' झाली. ला मार्टिनियरच्या त्या मुलींपर्यंत ही बातमी पोहोचली असेलच.

## "काही म्हणा, आईला मोलकरीण म्हणायचं म्हणजे..."

लंडनच्या घरी पाहुणे आले की शार्लट मोलकरणीसारखी वावरायची. मर्लच्या चरित्रकारांनी हे लिहिलंय आणि वाचताना आतून ढवळून येतं. याचं समर्थन मी करणार नाही. पण हा बनाव शार्लटच्या सहभागाशिवाय चालूच शकला नसता, हेही खरं. मुंबईत लेकीची अब्रू राखायला नातीची आई झालेली ही बाई, लंडनमध्ये नातीचं नशीब राखायला तिची दासी झाली. सगळ्यात जास्त किंमत तिने मोजली. मर्लला जाब विचारताना शार्लटचं हे कर्तेपण आपण हिरावून घेऊ नये, असं मला वाटतं.

१९४९ मध्ये मर्लने शार्लटच्या एका जुन्या फोटोवरून चित्र काढून घेतलं. चित्रकाराला सूचना एकच, रंग उजळ ठेव. ते चित्र तिच्या घरात लटकत असायचं. जिवंतपणी जिला आई म्हणून दाखवता आलं नाही, तिला भिंतीवर आई म्हणून दाखवायचं तर तेही गोरी करूनच. मला तिच्या कोणत्याही भूमिकेपेक्षा ही एक गोष्ट जास्त बोलकी वाटते.

तिचा एक भाऊ होता, कॉन्स्टन्सचाच मुलगा. पुढे त्याने मुंबईतून तिचा जन्मदाखला काढला आणि आपलं नातं भावाबहिणीचं आहे हे त्याला कळलं. तो लॉस एंजेलिसला भेटायला गेला. तिने भेट नाकारली. तोवर नेपोलियनची सम्राज्ञी जोसेफिनही तिने साकारून झाली होती ('देझिरे', १९५४) आणि 'असाइनमेंट फॉरेन लीजन' या दूरचित्रवाणी मालिकेची ती सूत्रधारही होऊन गेली होती. भावाला दार उघडलं असतं तर हे सगळं मागे जाऊन तपासलं गेलं असतं.

## कोणाला काहीच माहीत नव्हतं?

कलकत्त्याच्या ओळखीपाळखीच्या लोकांना सगळं ठाऊक होतं. कोर्डाला माहीत होतं, हॉलिवूडमध्ये कुजबूज होती. पण स्टुडिओचा पैसा गुंतलेला होता आणि सिनेमासिकांना स्टुडिओच्या जाहिराती हव्या होत्या. छापून कोणाचाच फायदा नव्हता.

१९७८ मध्ये तिला होबार्टच्या महापौरांनी सन्मानाने बोलावलं. 'माहेरवाशीण' म्हणून स्वागताचा थाट होता. पन्नास वर्षांची थाप तिच्यासमोर हारतुरे घेऊन उभी राहिली. समारंभात ती गडबडली, इथे जन्म झाल्याचं तिने नाकारलं आणि बरं वाटत नाही म्हणून निघून गेली. खरं काय ते मात्र तेव्हाही सांगितलं नाही. तोवर हेज कोड रद्द होऊन दहा वर्षं झाली होती आणि नागरिकत्वाचा अडसरही कधीच गेला होता. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, ती कॅलिफोर्नियात मालिबूला वारली. १९८३ मध्ये आलेल्या चरित्राने तिचं भारतीय मूळ उघड केलं.

त्याच १९८३ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ऑस्कर 'गांधी'साठी बेन किंग्जलीला मिळाला. गुजराती वंशाच्या वडिलांचा हा इंग्रज नट, जन्मनाव कृष्ण भानजी. कामं मिळावीत म्हणून त्यानेही तरुणपणीच नाव बदललं होतं. तेव्हा 'ते जुनं झालं, पुढच्या पिढीला असलं काही करावं लागलं नाही' असं म्हणायची सोय नाही.

## मग पहिली आशियाई नामांकित अभिनेत्री कोण धरायची?

वंशाने पाहिलं तर मर्ल, यात वादाला जागा नाही. पण विक्रम मोजायचा कशासाठी? आशियाई बाईला हॉलिवूडने आशियाई म्हणून कधी स्वीकारलं, हे तपासायचं असेल तर १९३६ चं नामांकन उलटाच पुरावा देतं. तिथे स्वीकार झाला तो एका गोऱ्या इंग्रज मुलीचा. म्हणून मला वाटतं, यादीत मर्लचं नाव पहिलं लिहावं आणि मिशेल योचं पहिलेपण जराही कमी करू नये. दोन्ही नावांपुढे वर्षं लिहिली की मधली ८७ वर्षं आपोआप दिसतात.

'ती आपली मुंबईची' म्हणून छाती फुगवण्याआधी मात्र थोडं थांबावं. मुंबईने तिला सहा वर्षं सांभाळलं, पुढे कलकत्त्याने तिला शाळेतून पळवून लावलं. नंतर आपण तिला आठवलं ते तिचं गुपित परदेशी पुस्तकात छापून आल्यावर.

## बघायचं असेल तर

'वदरिंग हाइट्स'पासून सुरुवात करा. कथा अर्धीच घेतलेली आहे, पण मर्लचं काम तिथे सर्वांत चांगलं आहे, विशेषतः स्वयंपाकघरात दाईशी बोलतानाचा प्रसंग. मग 'द लॉजर' लावा आणि तिच्या जवळच्या दृश्यांत डोळ्यांतला ठिपका शोधा. तोच ओबी. 'द डार्क एंजल' आज जरा बाळबोध वाटेल. नामांकन मिळालेला म्हणून एकदा पाहावा इतकंच. आणि 'आय, क्लॉडियस' पुरा झाला नसला तरी त्याचे वाचलेले तुकडे बीबीसीच्या 'द एपिक दॅट नेव्हर वॉज' या १९६५ च्या माहितीपटात आहेत. त्यात मर्ल स्वतः येऊन त्या बंद पडलेल्या चित्रपटाबद्दल बोलते, अतिशय घोटीव इंग्रजी उच्चारांत.